फुली मारलेला टायर

पिकअपला टायर घ्यायला आलेला माणूस माझ्या दुकानाची पायरी चढतो तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं असतं. कोणता टायर, केवढा, कोणाच्या गाडीसारखा. तरीही तो मला विचारतो, "काका, तुमीच सांगा, कोणता घेऊ?" मी सांगतो. तो शांतपणे ऐकतो, मान हलवतो, चहा पितो आणि ठरवून आला होता तोच टायर मागतो. मग मला विचारलं कशाला? हा प्रश्न महागावच्या हमरस्त्यावर बसून मी एकतीस वर्षं विचारतो आहे. उत्तर एकानंही दिलेलं नाही.

आमच्या घरात सगळे कचेरीतले. वडील तहसीलमध्ये होते, काका हेडमास्तर, थोरला भाऊ बँकेत. मी एकटा टायरात पडलो. वडील शेवटपर्यंत लोकांना "धाकटा व्यवसायात आहे" एवढंच सांगत. कसला व्यवसाय, ते सांगायची वेळ आली की त्यांना खोकला येई. पण मला वाटतं, त्यांचं आणि माझं काम फार वेगळं नव्हतं. तेही लिहिलेलं वाचायचे, मीही वाचतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याचं सगळं लिहिलेलं असतं. त्याचं माप, तो किती वजन पेलेल, त्यात किती हवा भरायची. एका कोपऱ्यात लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कोणतं साल. टायर केव्हा जन्मला ते त्यावरून कळतं. रबर न वापरताही म्हातारं होतं. चार-पाच वर्षं गोदामात पडलेला टायर दिसायला नवाकोरा असतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर भेगाळतो. हे सगळं टायरवरच छापलेलं असतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांना त्यातलं काहीही वाचायचं नसतं.

त्यांना नक्षी पाहायची असते. साडीचे काठ पाहावेत तशी ते टायरची नक्षी पाहतात. एक गृहस्थ टायरला नख लावून वास घ्यायचे. वासावरून त्यांना टायर किती दिवस टिकेल ते कळायचं म्हणे. निवृत्त झालेले एक गुरुजी मुलाच्या गाडीला टायर घ्यायला फूटपट्टी घेऊन आले होते. दोन तास त्यांनी दुकानातल्या प्रत्येक टायरची खोबण मोजली, वहीत लिहिली आणि शेवटी म्हणाले, "सगळ्याच सारख्या आहेत हो." मी म्हटलं, "गुरुजी, सगळे नवेच आहेत." ते माझ्यावरच रागावून गेले.

पण माझ्या डोक्याचं खऱ्या अर्थानं भुस्काट केलं ते गजाननभाऊंनी.

गजाननभाऊ ढाणकीकडच्या एका गावचे. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं घरचं. माणूस शेतीत हुशार. कोणत्या वावरात कोणतं बियाणं टाकायचं ते त्यांना विचारायला लोक यायचे. गेल्या दसऱ्यानंतर, सोयाबीन निघून कापूस फुटायला लागला तेव्हा, ते पिकअप घेऊन आले. म्हणाले, "काका, टायर पाहून द्या. कापसाचा सीझन सुरू होऊन राह्यला."

मी ओल्या फडक्यानं चारही टायर पुसले. ही माझी सवय आहे. कोरड्या, मळलेल्या टायरवर काही दिसत नाही, ओल्यावर सगळं दिसतं. तीन टायर अगदी गोटा झाले होते. हात फिरवला तर नदीतल्या दगडासारखे गुळगुळीत. चौथा, मागचा डावा, मात्र मागल्या वर्षीच बदललेला. त्याची नक्षी अजून शाबूत होती.

गजाननभाऊ खूश झाले. "पाहा, म्हंजे तीनच घ्या लागतेत. हा राहू द्या तसाच."

मी त्या चौथ्या टायरवरच अडलो होतो. त्याच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. मी चाक काढलं, टायर उघडला, आत हात घातला. टायर नुसत्या रबराचा नसतो. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात, एकावर एक आडवेतिडवे घातलेले. गाडीचं वजन रबर पेलत नाही, हे दोरे पेलतात. गाडी वजनापेक्षा जास्त भरली आणि खड्ड्याच्या काठावर आपटली की आतले दोरे तुटतात. बाहेरून फक्त एवढंसं टेंगूळ दिसतं. आत माझ्या बोटांना दोऱ्यांची तुटलेली टोकं लागली.

"गजाननभाऊ, हा टायर मेला," मी म्हटलं आणि पिवळ्या मेणखडूनं त्याच्यावर मोठी फुली मारली.

"मेला कसा? नक्षी तं पाहा त्याची!"

"नक्षी पाहू नका, आत हात घाला."

त्यांनी हात घातला नाही. स्वच्छ पांढरा सदरा होता.

मग सुरू झालं टायर पसंत करणं. माझं म्हणणं साधं होतं. तुम्ही कापूस नेता, सोयाबीन नेता, गावचा रस्ता खराब. तुमच्या गाडीवर कंपनीनं लिहून दिलं आहे त्याच मापाचे, जास्त वजन पेलणारे, ताज्या तारखेचे चार टायर घ्या. विषय संपला. दहा मिनिटांचं काम.

ते म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आले ते हातात फोन घेऊन. फोनवर त्यांचा भाचा होता. पुण्यात नोकरीला आहे, कम्प्युटरचं काहीतरी करतो. व्हिडिओ कॉल लावून गजाननभाऊंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. भाच्याच्या मागे एक कुंडी आणि खिडकी दिसत होती.

"काका, मी मामांना सांगितलंय, रुंद टायर टाका. मोठ्या खोबणीचे. त्यानं रोड प्रेझेन्स येतो."

"म्हणजे काय येतो?"

"गाडी भारी दिसते."

"अहो, त्या गाडीत सोयाबीन जाणार आहे."

"तसं नाही काका, मी रिव्ह्यू वाचलेत."

मी त्या कुंडीकडे पाहत त्याला समजावलं. टायर रुंद केला की चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासतं. गाडी भरली, स्प्रिंगचे पाटे दबले की वरूनही घासतं. स्टेअरिंग जड होतं, डिझेल जास्त लागतं. आणि तू दाखवतोस तो टायर शौकाच्या गाडीचा आहे, त्याच्यावर लिहिलेलं वजन वाच, ते या पिकअपला पुरत नाही. भाचा म्हणाला, "आवाज तुटतोय." कॉल बंद झाला.

गजाननभाऊ म्हणाले, "पोट्टा हुशार हाय पण."

तिसऱ्या दिवशी ते एकटेच आले आणि दुकानातल्या बाकावर बसून एकेक शंका काढायला लागले. रेडियल घेऊ का नायलॉनचे घेऊ? मी सांगितलं. पुढं रेडियल अन् मागं नायलॉन चालतील काय? नाही चालणार, गाडी ओढेल. मग पुढचे दोन नवे घेतो, मागचे रिमोल्ड? रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला. चांगल्या जुन्या टायरवर चांगल्या ठिकाणी केला तर तो वाईट नसतो, पण तुमच्याकडे चढवायला चांगला जुना टायर आहे कुठं? हवा कमी ठेवली तर गाडी नरम चालते म्हणतेत, खरं काय? नायट्रोजन भरला तर? ट्यूबलेस? सोयाबीनच्या पोत्यांचं वजन मधोमध ठेवलं तर जरा कमी ताकदीचा टायर चालून जाईल का?

मी एकेकाला उत्तर देत गेलो. चहा तीनदा झाला. दोन गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली. संध्याकाळी गजाननभाऊ उठले, पाठ ताणली आणि म्हणाले, "तुमच्यासारखं कोणी समजावून सांगत नाही, काका. विचार करून येतो."

चार दिवसांनी ते आले. पिकअपमध्ये चार रुंद टायर. काळेकुळकुळीत, हातभर खोबणीचे. दुसऱ्या शहरातून आणले होते.

"तेवढे बसवून द्या. फिटिंग तुमच्यावानी कोणाले जमत नाही."

मी काय बोलणार होतो? टायर त्यांचे, गाडी त्यांची. मी बसवायला घेतले. बोललो असतो तर ओरडलो असतो. कान तापले होते माझे. जुने चार टायर काढून बाजूला टाकले. फुली मारलेला वरच होता. आमच्या धंद्यात मेलेला टायर तसाच सोडायचा नसतो. त्याच्या कडेला आत तारेचं कडं असतं, ते दोन ठिकाणी कापून टाकायचं. मग तो कोणत्याच चाकावर चढत नाही. मी ग्राइंडर हातात घेतला.

"अहो, कापू नोका!" गजाननभाऊ धावत आले. "बंडीले लावतो. बैलबंडीले काय होते? थे काय पळते?"

हे खरं आहे की आमच्याकडे जुने टायर बंडीला लागतात, आणि बैलाच्या चालीनं काही फुटत नाही. पण हेही खरं की बंडीपर्यंत पोचायच्या आधी टायर दहा हात फिरतो. मला ते माहीत होतं. दुसरा कोणी असता तर मी ऐकलं नसतं. पण त्या दिवशी या माणसाशी आणखी एका गोष्टीवर वाद घालायची माझ्यात ताकद उरली नव्हती. आठवडाभर मी त्याच्याशी वाद घालत होतो आणि आठवडाभर हरत होतो. मी ग्राइंडर खाली ठेवला.

"न्या," मी म्हटलं. "न्या बाप्पा, सगळं घेऊन जा."

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, सकाळी साडेसातच्या सुमारास, शंकरची पिकअप दुकानासमोर थांबली. शंकर हा भाड्यानं गाडी चालवणारा. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज सकाळी तो पंधरा-सोळा बायांना ढाणकीकडच्या गावांतून घेऊन महागावच्या बाजूच्या वावरांत सोडतो. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, रस्त्यावर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बायांनी डोक्याला फडकी बांधलेली, कमरेला वेचणीच्या ओट्या, मांडीवर डबे. मागे दाटीवाटीनं बसलेल्या.

"काका, हवा पाहून द्या. मागे जरा जास्तच भरा."

मी पुढच्या चाकांत हवा भरली, मग मागे आलो. मागचा डावा टायर फारच चमकत होता. काळं पॉलिश मारलेलं. जुना टायर विकायचा असला की लोक त्याला असं नटवतात. मी सवयीनं ओला फडका फिरवला, आणि काळ्याखालून एक पिवळी रेघ वर आली. खाली वाकलो, आणखी पुसलं. दुसरी रेघ आली, पहिलीला छेदून गेलेली.

माझीच फुली.

मी गाडीखाली डोकं घातलं. टेंगूळ होतं. लिंबाएवढं होतं ते आता संत्र्याएवढं झालं होतं. त्याच्या बरोबर वर, फळीच्या फटीतून, बायांच्या चपला दिसत होत्या.

"शंकर, हा टायर कुठून आणला?"

"ढाणकीहून. एकानं बंडीसाठी घेतलता, म्या त्याच्यापासून घेतला. चांगला हाय न, नक्षी पाहा."

पुन्हा नक्षी! मी उभा राहिलो. "यात मी हवा भरत नाही. गाडी इथंच ठेव."

"काहून? नसन भराची तं राहू द्या, समोर रस्त्यात भरतो." तो दरवाजा उघडून आत बसायला निघाला.

त्याला समजावायला गेलो असतो तर अर्धा तास गेला असता आणि शेवटी तो निघूनच गेला असता. एकतीस वर्षांत एवढं मला कळलं होतं. मी खाली बसलो, व्हॉल्व्हमधली पिन फिरवून काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. सगळी हवा शिट्टी वाजवत बाहेर पडली. गाडी एका अंगाला हळूहळू बसली. मागे बाया किंचाळल्या.

"ओ काका! येडे झाले काय तुमी?" शंकर माझ्या अंगावर धावून आला. "दे थे पिन इकडं!"

"नाही देत."

"आमचा टाइम होऊन राह्यला!"

"होऊ दे."

मागून एकजण मोठ्यानं म्हणाली, "टायर इकाचा असंल याले, दुसरं काय!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यात चेष्टा नव्हती, चीड होती. मला ते फार लागलं. मी टायरवालाच, टायर विकूनच पोट भरतो, मग त्यांनी दुसरं काय समजावं?

तेवढ्यात त्यांची पुढारीण खाली उतरली. कमलाबाई. पन्नाशीची, काटक, तळहाताला बोंडांचे ओरखडे. वेचणीच्या बायांची टोळी तीच जमवते, वावरवाल्याशी तीच बोलते. माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ, सकाऊन सकाऊन आमचा रोज काहून बुडवून राह्यले तुमी? तुमचं अन् याचं भांडण असंल तं संध्याकाळी करा. आमाले वावरात जाऊ द्या."

"बाई, मला फक्त वीस मिनिटं द्या. मी टायर उघडून दाखवतो. मग तुम्हीच सांगा, जायचं का."

ती तिथंच उभी राहिली. मी जॅक लावला. सगळ्याजणींना उतरायला सांगितलं, त्या उतरेनात. शेवटी कमलाबाईनं नुसतं वर पाहिलं, तेव्हा कुरकुरत उतरल्या. चाक काढलं, टायर लोखंडी डिस्कवरून सोडवला. आतली ट्यूब बाहेर काढली. एका जागी ती घासून घासून इतकी पातळ झाली होती की उन्हात धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला. मग टायर कमलाबाईसमोर आडवा धरला.

"आत हात घाला. इथं. हळू."

गजाननभाऊंनी जो हात घातला नव्हता तो तिनं घातला. बोटं आत चाचपत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं चिमटीत धरून काहीतरी ओढलं. दोऱ्यांचा एक झुबका बाहेर आला. तुटलेले, पिंजलेले.

"हे काय हाय? सूत?"

"याच दोऱ्यांवर गाडी उभी असते. वरचं रबर नुसतं झाकण आहे."

"अन् हे तुटलं तं?"

"गाडी भरलेली, पळत असलेली, मागचं चाक. फुटलं असतं तर गाडी त्या अंगावर आडवी झाली असती."

तिनं टायर पाहिला, मग पिकअपच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं एक डबा आणि दुमडलेलं पोतं ठेवलेलं होतं.

"थे माही जागा हाय," ती म्हणाली. "रोजची."

 मघाशी हसलेल्यांपैकी एकीनं टायरात हात घालून पाहिला, मग दुसरीनं. शंकर मात्र अजून तापलेलाच होता. पण आता त्याचा रोख वेगळा होता.

"ही फुली तुमची न? म्हंजे तुमाले मालूम होतं. मंग तुमी हा टायर जाऊच कसा देल्ला?"

 पॉलिश कोणी मारलं, विकला कोणी, बंडीचं नाव सांगून घेतला कोणी, हे सगळं मी बोलू शकत होतो. बोललोही थोडं. पण ग्राइंडर माझ्या हातात होता आणि मी तो खाली ठेवला होता. का? तर मी वैतागलो होतो. एवढंच कारण.

शंकरची स्टेपनी पाहिली, ती गोटा. माझ्याकडे एक वापरलेला पण धडका टायर होता, तो मी चढवून दिला आणि चारही चाकं पुन्हा तपासली. मधल्या वेळात मी गजाननभाऊंना फोन केला होता. ते अर्ध्या तासात आले. गाडी दिसायच्या आधी आवाज आला. वळणावर खर्र, खर्र. रुंद टायर मडगार्डला घासत होते. दोन्ही बाजूंचा पत्रा खरवडून पांढरा पडला होता. दुसरा कोणताही दिवस असता तर मी त्यांना चांगलं ऐकवलं असतं.

ते उतरले, टायर पाहिला, रस्त्याकडेला बसलेल्या बाया पाहिल्या. त्यांच्यातल्या दोघीतिघी त्यांच्या ओळखीच्या निघाल्या. दरवर्षी त्यांच्याही वावरात येणाऱ्या.

"म्या बंडीसाठीच देल्लता, काका. शप्पथ."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मीही बंडीसाठीच जाऊ दिला होता."

ते टायरजवळ खाली बसले.  मग बाही वर केली आणि आत हात घातला. हात बाहेर काढला तेव्हा बाहीला काळं लागलं होतं. त्यांनी ते पाहिलंही नाही. "कापा," म्हणाले.

मी सगळ्यांसमोर कडं दोन ठिकाणी कापलं. ठिणग्या उडाल्या, रबराचा जळका वास पसरला. एक लहानसं काम. पंधरा दिवसांपूर्वीही एवढंच लहान होतं.

बाया दहानंतर वावरात पोचल्या. वावरवाल्यानं त्यांचा अर्धाच रोज धरला, असं नंतर कळलं. मला कोणी धन्यवाद दिले नाहीत, आणि ते मागायला मला तोंडही नव्हतं. गजाननभाऊंनी त्याच आठवड्यात रुंद टायर काढून सांगितलेल्या मापाचे चार घेतले. घेताना एक प्रश्न विचारला नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. भाच्याचा काय निरोप आहे म्हणून मीच विचारलं, तर म्हणाले, "त्याले म्या या टायरचा फोटोच पाठवला नाही."

दोन दिवसांनी सकाळी शंकरची पिकअप पुन्हा थांबली. मला वाटलं, हवा. पण शंकर स्टेअरिंगवरच बसून राहिला, तोंड फुगवून. कमलाबाई मागून उतरली.

"भाऊ, मले हे पाहाचं शिकवा."

"काय?"

"टायर. कोणता चांगला, कोणता खराब. कुठं हात लावाचा."

मी आधी कंटाळलो. सकाळची वेळ, दुकान झाडायचं होतं. म्हटलं, "बाई, हे शंकरनं पाहायचं असतं. नाहीतर गाडीमालकानं. मी त्यांना सांगत असतो."

"हो न," ती म्हणाली. "किती वर्सं झाले, आमच्या गाड्या तुमच्या दुकानापुढं थांबतेत. तुमी डायवरले सांगता, मालकाले सांगता. आमी मागं बसून आयकून राह्यतो. आमाले काहून नाही सांगतलं कधी?"

मी खरं तेच बोललो. "तुम्ही टायर घेत नाही म्हणून."

"घेत नाही. पण वरतून बसतो न आमी."

ती हे चिडून म्हणाली नाही. वावर कुठल्या बाजूला आहे ते सांगावं तशी म्हणाली. मी एकतीस वर्षं ज्यांना कळकळीनं सांगत आलो ते सगळे टायर विकत घेणारे होते, आणि त्यांनी ऐकलं नाही म्हणून मी वैतागत आलो. मागच्या फळीवर बसलेल्यांकडे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या हवा भरून होईपर्यंत गप्प बसून राहायच्या. मला वाटायचं, त्यांना यात काय कळणार.

"अक्षरं येतात का?" मी विचारलं.

"अक्षरं नाही. आकडे येतेत. वजनकाट्यावरचे आकडे आमी रोजच पाह्यतो."

"आकडेच लागतात. बाकीच्यांनाही बोलवा."

त्या एकेक करत उतरल्या. डबे गाडीतच राहिले. मी पुढच्या उजव्या चाकाजवळ उकिडवा बसलो, त्या भोवती जमल्या, काही वाकून, काही माझ्यासारख्याच उकिडव्या. मी ते चार आकडे दाखवले, मग भिंतीवरून तळहात कसा फिरवायचा ते दाखवलं. कमलाबाईनं आधी हात फिरवला, मग एकेकीनं. मागच्या चाकापर्यंत पोचलो तोवर शंकरनं दोनदा हॉर्न वाजवला.

मी न वळता त्याला म्हटलं, "थांब जरा."